जर्मनीतील पहिले सत्र

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला निरोप देताना आपल्याकडे दोन गोष्टी हमखास दिल्या जातात : चटण्या-मेतकुटाचे डबे आणि ‘थंडीला जप’ हा सल्ला. २०१८ च्या सप्टेंबरात मलाही दोन्ही मिळाल्या. चटणी तीन आठवडे पुरली आणि थंडीचे काम एका जाड कोटाने भागले. ज्या गोष्टींनी मला खरोखर अडचणीत आणले, त्यांच्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता. कारण त्या घरात कोणाला ठाऊकच नव्हत्या. वार्षिकाच्या संपादक-मंडळाने यंदा ‘परदेशातील शिक्षणाविषयी काही उपयोगी लिहा’ असे सुचविले, तेव्हा त्या राहून गेलेल्या गोष्टीच लिहाव्यात असे मी ठरविले. परदेश म्हणजे केवळ जर्मनी नव्हे, हे मान्य. पण राहून पाहिलेला देश तेवढा एकच आहे.

आपल्या महाविद्यालयातून बी. ए. करून मी इतिहासाच्या एम. ए. साठी तिकडच्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात गेले. त्याचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी होती. वाचणाऱ्याने उगाच त्या गावाला बोल लावायला नको.

आधी पैशाचे थोडक्यात सांगते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. सत्राला शंभरपासून चारशे युरोपर्यंत वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लावले आहेत. हायडेलबर्ग, ट्यूबिंगेन, फ्रायबुर्ग ही कला शाखेच्या मुलांना ओढणारी गावे नेमकी याच राज्यात येतात. म्यूनिखच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क सुरू केले. शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे मात्र समजू नये. व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम ‘श्पेरकोंटो’ म्हणजे बंदिस्त खात्यात आधीच भरावी लागते. मी गेले तेव्हा ती ८,६४० युरो होती. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली. हा पैसा तुमचाच असतो, पण महिन्याला ९९२ युरो याच मापाने तो बाहेर पडतो. माझ्या वडिलांनी त्यासाठी विम्याची पॉलिसी मोडली होती. ही गोष्ट पहिल्या सत्रभर माझ्या मानेवर बसून होती, आणि पुढे जे घडले त्याला तीही थोडी कारण आहे.

अर्जाच्या आधीचे आणखी एक काम. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ए. पी. एस. या दिल्लीच्या कार्यालयाकडून आपल्या गुणपत्रिकांची पडताळणी करून घ्यावी लागते. प्रवेशपत्र हाती आल्यावर या कामाला लागणाऱ्याचे सत्र हुकते. विद्यापीठाकडून गुणपत्रिकांच्या प्रती मिळविण्यात आपल्याकडे किती फेऱ्या होतात, ते मी सांगायला नको.

आता विमानातून उतरल्यानंतरचे. जर्मनीतील पहिला महिना म्हणजे कागदांचा गुंता, आणि या गुंत्याचे टोक एकच आहे : पत्ता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर-कार्यालयात जाऊन ‘मी इथे राहते’ अशी नोंद करायची असते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाने किंवा वसतिगृहाने सही केलेला दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. ही नोंद नसेल तर बँक अडते, बँक अडली की बंदिस्त खात्यातला पैसा अडतो, आणि पैसा अडला की भाडे. पुढे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वास्तव्याचा परवाना घ्यायचा, तिथेही हा नोंदीचा कागद पहिला मागतात. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी त्या परवान्याचा अर्ज गेलाच पाहिजे. मोठ्या शहरांत या कार्यालयांची वेळ आठवडे-आठवडे मिळत नाही. म्हणून खोली ठरताच, भारतातूनच वेळ मागून ठेवावी. ‘टेरमीन’ म्हणजे ठरवून घेतलेली वेळ. जर्मन भाषेतला कोणता शब्द आधी शिकावा असे मला विचाराल तर मी हाच सांगेन.

माझी नोंद वेळेवर झाली. तरीही तीन आठवडे बँकेचे कार्ड येईना, विम्याचे कार्ड येईना. मी रोज संध्याकाळी खाली पत्रपेटीत पाहत असे. खोलीचा क्रमांक मी सर्वत्र बिनचूक लिहिला होता, मग पत्रे येत का नाहीत? शेवटी शेजारच्या खोलीतील पोलिश मुलीला सहज बोलून गेले. ती मला जिन्याखाली घेऊन गेली आणि पत्रपेटीवर बोट ठेवून म्हणाली, “तुझे नाव कुठे आहे?” पेटीवर माझ्या आधी राहून गेलेल्या कोणा मुलाचे नाव होते. जर्मनीत पोस्टमन खोलीचा क्रमांक पाहत नाही, पेटीवरचे आडनाव पाहतो. नाव नसेल तर ‘असे कोणी येथे राहत नाही’ असा शेरा मारून पत्र परत जाते. माझी चार पत्रे अशी परत गेली होती. आपल्याकडे पोस्टमन नाव विचारत दारोदार फिरतो, चहाच्या टपरीवर चौकशी करतो, आणि शेवटी पत्र पोहोचवतो. त्या सवयीने मी तीन आठवडे नुसती वाट पाहत बसले होते. तिने चिठ्ठीवर माझे आडनाव लिहिले आणि चिकटपट्टीने लावले. पाचव्या दिवशी पहिले पत्र आले.

पेटीत पहिल्यांदा जी पत्रे येतील त्यांत एक आकाशवाणी-दूरचित्रवाणी शुल्काचे असते. दूरदर्शन संच नाही, रेडिओ नाही, तरी महिन्याला १८.३६ युरो हे काय, म्हणून पुष्कळ मुले ते फसवणूक समजून फेकून देतात. ती फसवणूक नाही. हे शुल्क घरामागे आहे, माणसामागे नाही. चारजण एका घरात राहत असतील तर एकाने भरून वाटून घ्यायचे. फेकून दिलेल्या पत्रामागून दंडाचे पत्र येते. खरी फसवणूक वेगळीच असते : खोलीची सुंदर छायाचित्रे पाठवून, ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी पोस्टाने येईल’ असे सांगणारे मालक. खोली पाहिल्याशिवाय किंवा ओळखीच्या कोणी पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये. विद्यार्थी-कल्याण संस्थेच्या, म्हणजे ‘श्टुडिएरेंडेनवेर्क’च्या, वसतिगृहात अर्ज लवकर करावा, प्रतीक्षायादी लांब असते. खाजगी घर घेताना ‘थंड भाडे’ आणि ‘उबदार भाडे’ असे दोन आकडे दिसतील. उबदार भाड्यात शेगडी-पाण्याचा वगैरे खर्च धरलेला असतो, आणि वीज बहुधा त्यातही नसते. अनामत रक्कम थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही, असा तिथला कायदा आहे.

राहणीमानाच्या इतर गोष्टी आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पडतात. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी भाजी आणावी. रात्री दहानंतर गडबड चालत नाही. नळाचे पाणी प्यायला उत्तम. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातील यंत्रात बाटली टाकून परत घ्यावी. फोडणी करताना खोलीचे दार लावून घ्यावे आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडावी. आमच्या मजल्यावर माझ्या मोहरी-हिंगाच्या फोडणीने एकदा जिन्यातला धूरसूचक वाजला आणि तीस माणसे पायजम्यांत अंगणात उभी राहिली. असो.

विद्यापीठाकडे वळते. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होते, पण तास ऑक्टोबरच्या मध्याला. वेळापत्रकात ‘१० वाजता’ असे लिहिले असेल आणि पुढे ‘सी. टी.’ ही अक्षरे असतील, तर तास सव्वादहाला सुरू होतो. ‘एस. टी.’ असेल तर दहा म्हणजे दहाच. (आपल्या एस. टी. शी त्याचे काही नाते नाही, हे अनुभवाने कळेल.) व्याख्यान संपले की मुले टाळ्या वाजवीत नाहीत, मुठीने बाके वाजवतात, पहिल्या दिवशी मला वाटले, हुर्यो चालली आहे. गुणांची रीत उलटी आहे. १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर, ५ म्हणजे नापास. मला एका निबंधात १.७ मिळाले तेव्हा आईने फोनवर बराच वेळ काही न बोलता मग हळूच विचारले, “किती पैकी?”

या वर्गांत आपल्या मुलांची एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात नजरेत भरते : आपण बोलत नाही. चर्चा-वर्गात वीसजण गोल बसलेले, जर्मन मुले वाचलेले असो-नसो मत देतात, आणि सगळा मजकूर दोनदा वाचून आलेली आपली मुलगी वहीत उतरवून घेत असते. आपल्याकडे याला विनय म्हणतात. तिथे त्याचा अर्थ ‘हिने वाचलेले नाही’ असा घेतला जातो, आणि पुष्कळ ठिकाणी गुणांवरही परिणाम होतो. गुरूंच्या मताविरुद्ध बोलणे म्हणजे उद्धटपणा, हेही तिथे कोणाच्या मनात येत नाही. १९२८ साली पुण्याहून बर्लिनला गेलेल्या इरावती कर्वे यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवट्यांच्या मोजमापांतून युरोपीय वंशाचे वेगळेपण दिसावे, अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि आपल्या प्रबंधात, असा फरक आढळत नाही, असे लिहिले. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. तो काळ आणि ते गुरू पाहता हे धैर्य फारच मोठे. आपल्याला त्याच्या शंभराव्या हिश्श्याची गरज असते. तेवढेही मला पहिल्या सत्रात जमले नाही.

त्याची किंमत मी अशी मोजली. कला शाखेत लेखी परीक्षेपेक्षा ‘हाउसआर्बाइट’वर, म्हणजे पंधरा-वीस पानांच्या संशोधन-निबंधावर, भर असतो. पहिल्या सत्रात मी दोन निबंध घेतले. सुट्टीत ग्रंथालयात बसून लिहिले, मार्चच्या शेवटी दिले. एप्रिलच्या शेवटी प्राध्यापकांचा निरोप आला : निबंध चांगला आहे, पण तुमचे नाव परीक्षेच्या यादीत नाही. वर्गात नाव नोंदविणे वेगळे आणि त्या विषयाच्या परीक्षेसाठी नाव नोंदविणे वेगळे, हे मला ठाऊक नव्हते. ही दुसरी नोंदणी जानेवारीत एका ठरावीक तारखेपर्यंत संगणकावर करायची होती. तशी सूचना विद्यापीठाने दिलेल्या ई-मेलवर डिसेंबरात दोनदा आली होती. जर्मनमध्ये होती, लांबलचक होती. मी तिला परिपत्रक समजून बाजूला ठेवले. आपल्याकडे परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला तर कार्यालयातील शिपाई वर्गात येऊन नावे वाचतो, सर ओरडतात, उशिराचा दंड भरून अर्ज घेतला जातो. तिथे ओरडायला कोणी आले नाही.

परीक्षा-कार्यालयातील बाईंनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तितक्याच शांतपणे ‘नाही’ म्हटले. दोन्ही निबंधांचे श्रेयांक गेले. पूर्णवेळ विद्यार्थ्याने सत्राला ३० श्रेयांक मिळवावेत अशी अपेक्षा असते आणि एम. ए. ला १२० लागतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम. माझ्या हातात पहिल्या सत्राचे सहा श्रेयांक उरले, तेही भाषेच्या वर्गाचे. माझी एम. ए. एका सत्राने लांबली. त्या सत्राचा खर्च कोठून आणायचा, हे घरी कसे सांगायचे, या विचारात मी दोन आठवडे फोनवर ‘सगळे छान आहे’ म्हणत राहिले.

मग त्या प्राध्यापकांना भेटायला गेले. प्रत्येक प्राध्यापकाची आठवड्यातून एक ठरलेली ‘श्प्रेखश्टुंड’, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्याची वेळ असते. सहा महिन्यांत मी तिथे एकदाही गेले नव्हते. त्यांना त्रास कशाला द्यायचा, ही भावना. त्यांनी मला विचारले, “नोंदणीविषयी शंका होती तर जानेवारीत का नाही आलात?” मी म्हटले, शंकाच नव्हती. ते हसले आणि म्हणाले की मग निदान दर महिन्याला येऊन ‘मला काय ठाऊक असायला हवे’ असे तरी विचारा. नियम त्यांना बदलता येत नव्हता. पण तोच विषय पुढल्या सत्रात त्यांनी मला वाढवून लिहू दिला, आणि विभागात तासाच्या पगारावर ग्रंथसूचीचे काम दिले. त्या कामावर माझे जादा सत्र निघाले. हे काम तिथे आधीपासूनच रिकामे होते. मी कधी विचारलेच नव्हते.

नोकरीचा नियम इथेच सांगून टाकते : २०२४ च्या मार्चपासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातील साहाय्यकाची कामे यात बहुधा धरत नाहीत, पण परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावे लागते. उपाहारगृहात बिननोंदीचे काम देणारे भेटतात; त्या वाटेला जाऊ नये, परवाना जातो.

निबंधाबद्दल आणखी एक सूचना. पुस्तकांतील परिच्छेद थोडे फिरवून लिहिण्याची आपल्याला सवय असते आणि आपल्याकडे ते खपते. तिथे प्रत्येक निबंधाला ‘हे लेखन माझे आहे’ अशी सही जोडावी लागते. या बाबतीत ते किती कडक आहेत ते पाहा : २०११ साली तिथल्या संरक्षणमंत्र्यांना, कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबेर्ग यांना, आपल्या प्रबंधातील उसनवारीपायी डॉक्टरेट आणि मंत्रिपद दोन्ही सोडावी लागली, २०१३ मध्ये तीच पाळी खुद्द शिक्षणमंत्री आनेटे शावान यांच्यावर आली.

माझे एक सत्र गेले. आमच्या वसतिगृहातील सोलापूरकडच्या एका अभियांत्रिकीच्या मुलाचे त्याहून अधिक गेले. तो एका विषयात दोनदा नापास झाला होता. बहुतेक विद्यापीठांत एका परीक्षेला तीनच संधी असतात, आणि तिसरी हुकली की तो अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. आम्हांला यातले काही ठाऊक नव्हते. तो स्वयंपाकघरात येईनासा झाला, इतकेच दिसत होते. जानेवारी होता, तिथे डिसेंबर-जानेवारीत सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चार-सव्वाचारला मावळतो, आणि अनेक दिवस मधल्या वेळातही दिसत नाही. माणूस दिसेनासा झाला तर अभ्यासात असेल असे वाटते. त्याने तयारी नसताना तिसरी परीक्षा दिली, कारण पुढे ढकलण्यासाठी कोणाकडे तरी जाऊन ‘मला जमत नाही’ असे म्हणावे लागले असते. डॉक्टरांच्या दाखल्यावर ती पुढे ढकलता आली असती. अभ्यासक्रम बदलण्याविषयी तिसऱ्या संधीच्या आधी विचारले असते तर तोही मार्ग होता. श्टुडिएरेंडेनवेर्कचा मानसोपचार-सल्ला आमच्याच रस्त्यावर, टोकाच्या इमारतीत होता. त्याच्यासाठी आपण सत्राच्या वर्गणीतून पैसे भरत असतो, आणि तिथले बोलणे ना विद्यापीठाला कळते ना घरी. एप्रिलमध्ये तो सामान बांधून परत गेला. जाताना त्याने माझ्या दारात आपला प्रेशर-कुकर ठेवला. त्याच्याशी मी त्या दोन महिन्यांत फक्त ‘काय, कसं काय?’ एवढेच बोलले होते, आणि तो ‘मस्त’ म्हणाला होता.

आजारपणाचे लिहायचे राहिले. तिशीच्या आत विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्यविमा मिळतो. महिन्याला सव्वाशे-दीडशे युरो जातात, पण डॉक्टरकडे खिशात हात घालावा लागत नाही. ताप अंगावर काढणारी आपली मुले हे विसरतात. दवाखाना बंद असताना ११६११७ हा क्रमांक, आणि जिवावरचे संकट असेल तर ११२.

भाषेविषयी शेवटी लिहिते, कारण ते सर्वांना ठाऊक आहे असे सर्वांना वाटते. ‘अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, मग जर्मन कशाला?’ असे विचारत मुले येतात. अभ्यासक्रम इंग्रजीत असतो. माझी ती डिसेंबरची सूचना इंग्रजीत नव्हती. नगर-कार्यालय, घरमालक, विमा, यांची पत्रे इंग्रजीत नसतात. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जाणे जमत नसेल तर निदान सुरुवातीच्या दोन पातळ्या कोठूनही करून जा. ज्या मॅक्स म्युलरच्या नावाने ही भवने आहेत, तो स्वतः भारतात कधीच आला नाही. त्याला ऋग्वेद येत होता, पण इथल्या कचेरीत अर्ज भरण्याची पाळी त्याच्यावर आली नाही.

यंदा ज्यांना अर्ज करायचे आहेत त्यांच्यासाठी मी दर शनिवारी दुपारी दोननंतर ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसते. येताना गुणपत्रिकांच्या छायाप्रती आणाव्यात, मूळ प्रती घरीच ठेवाव्यात. शंका नसेल तरीही यावे.